मंडळाच्या ट्रेलरसाठी जुनी डिझेल गाडी: शनिवारपर्यंत निर्णय हवा

प्रेषक: सचिव

सर्वांना सप्रेम नमस्कार.

ठरावात मंजूर झालेल्या रकमेत बसणारी गाडी अखेर मिळाली आहे. पजेरो ३.२ डिझेल, ऑटोमॅटिक, २,१८,००० किलोमीटर झालेली, पहिल्याच मालकाकडे असलेली आणि सर्व्हिसच्या सगळ्या नोंदी जपून ठेवलेली अशी ती आहे. विक्रेता शनिवारपर्यंत थांबायला तयार आहे. अडचण अशी की, गाडीच्या पुस्तिकेत ३,००० किलोचा ट्रेलर ओढता येतो असे लिहिले आहे. परंतु काल मी खाली वाकून टो-बारवरची (ट्रेलर जोडण्यासाठी गाडीच्या मागे बसवलेल्या दांड्यावरची) चिखलाने भरलेली पाटी पुसली, तेव्हा तिच्यावर ट्रेलरसाठी २,००० किलो आणि टो-बॉलवरच्या (ट्रेलरचे पुढचे टोक ज्यावर टेकते त्या गोळ्यावरच्या) भारासाठी १५० किलो असे आकडे कोरलेले दिसले. हा टो-बार कंपनीचा नाही, मालकाने नंतर बाहेरून बसवून घेतलेला आहे. यांपैकी कोणता आकडा धरायचा, हे कृपया जाणकारांनी लवकर कळवावे. मागच्या वेळी आपली चर्चा लांबली आणि चांगली गाडी हातची गेली, हे सर्वांच्या लक्षात असेलच.

प्रेषक: खजिनदार

नमस्कार. गाडी घेण्याचा निर्णय कार्यकारिणीने आधीच घेतला आहे, त्यामुळे ‘गाडी हवी की नको’ हा विषय पुन्हा उघडू नये, ही विनंती. आपला ट्रेलर भरल्यावर २,३०० किलो होतो आणि गाडी ३,००० किलो ओढते, म्हणजे ७०० किलोंची सवड आहे. टो-बार बदलून घेतला की प्रश्न मिटतो. तेवढा खर्च, ट्रेलरच्या विजेवर चालणाऱ्या ब्रेकसाठी गाडीत लागणारा कंट्रोलर आणि चार टायर एवढी तरतूद मी वेगळी काढून ठेवली आहे. याहून अधिक मागणी आली तर मात्र ती पुढच्या सभेत ठेवावी लागेल.

प्रेषक: ट्रेलर-व्यवस्था

आदरणीय खजिनदारकाका, आपण काढलेला ७०० किलोंचा आकडा बेरीज-वजाबाकीने बरोबर असला, तरी तो चुकीच्या रकान्यातला आहे, असे मला नम्रपणे सांगावेसे वाटते. ट्रेलर माझ्या देखरेखीखाली असल्यामुळे त्याच्या वजनाची मोजमापे मीच ठेवतो, म्हणून हे थोडे सविस्तर लिहितो.

गेल्या वर्षी घाटात ट्रेलर डोलू लागला, त्यानंतर मी भरलेला ट्रेलर वजनकाट्यावर नेला होता. आधी फक्त गाडीचे वजन केले, मग ट्रेलर जोडून गाडीचीच चाके काट्यावर ठेवून पुन्हा केले. या दोन वजनांतला फरक म्हणजे टो-बॉलवर बसणारा भार, आणि तो २६० किलो आला. सचिवांच्या प्रश्नाचे उत्तर असे की गाडीची पुस्तिका, टो-बारची पाटी आणि टो-बॉल या तिन्हींवर जे आकडे असतील त्यांतला सर्वांत लहान आकडा लागू होतो. म्हणजे सध्याच्या टो-बारने आपला ट्रेलर ओढता येत नाही, यात वादाचे कारण नाही.

आता नव्या टो-बारबद्दल. टो-बार कितीही दणकट बसवला, तरी गाडीची स्वतःची मर्यादा त्याने वाढत नाही. या पजेरोच्या पुस्तिकेत दोन टप्पे दिलेले आहेत: ट्रेलर २,५०० किलोंपर्यंत असेल तर टो-बॉलवर २५० किलो, आणि त्यापुढे ३,००० किलोंपर्यंत असेल तर केवळ १८० किलो. जाहिरातीत ठळक छापला जातो तो ३,००० चा आकडा खरा असला, तरी त्या आकड्याबरोबर येणारी १८० ची अट पाहिली की तो आपल्या फारसा उपयोगाचा राहत नाही. आपण पहिल्या टप्प्यात आहोत आणि तिथेही १० किलो जास्त आहोत.

हे १० किलो कमी करता येतील. जनरेटर ८० किलोंचा आहे आणि तो आपण सोयीसाठी ट्रेलरच्या अगदी पुढच्या कोपऱ्यात ठेवतो. टो-बॉलपासून ट्रेलरच्या दोन अॅक्सलच्या (चाकांच्या आसांच्या) मध्यापर्यंतचे अंतर साडेतीन मीटर आहे. जनरेटर १ मीटर मागे सरकवला तर टो-बॉलवरचा भार सुमारे २३ किलोंनी उतरतो आणि २३७ वर येतो. यापेक्षा फार खाली मात्र जाऊ नये. भार १५० वर आणला तर तो ट्रेलरच्या वजनाच्या साडेसहा टक्केच उरतो, आणि पुढून हलका झालेला ट्रेलर उतारावर वेग वाढताच कसा शेपटासारखा डोलू लागतो, हे त्या दिवशी गाडीत असलेल्यांना मी वेगळे सांगायला नको.

प्रेषक: एक सभासद

वरील पत्रातील एका मुद्द्यात भर घालतो. टो-बॉलवरचे २६० किलो मागच्या अॅक्सलवर २६० म्हणून बसत नाहीत. टो-बॉल मागच्या अॅक्सलच्या मागे साधारण १.२ मीटरवर असतो आणि या गाडीच्या दोन अॅक्सलमधले अंतर २.७८ मीटर आहे. तरफेच्या नियमाने मागच्या अॅक्सलवर सुमारे ३७२ किलो वाढतात आणि पुढच्या अॅक्सलवरून ११२ किलो उचलले जातात. स्टीअरिंग हलके वाटू लागते, रात्री हेडलाइटचा झोत वर जातो आणि समोरून येणाऱ्याला त्रास होतो, त्याचे कारण हेच. म्हणून दारालगतच्या चौकटीवरील पाटीवर मागच्या अॅक्सलची जी स्वतंत्र मर्यादा कोरलेली असते, तिचा फोटो सचिवांनी विक्रेत्याकडून आधी मागवून घ्यावा.

पुढची चाके हलकी होतात म्हणूनच फोर-व्हील ड्राइव्ह कोणत्या प्रकारची आहे, याला महत्त्व येते. हायलक्स किंवा डी-मॅक्ससारख्या गाड्यांत ती बहुधा पार्ट-टाइम असते, म्हणजे कोरड्या डांबरी रस्त्यावर चारही चाकांना जोर देता येत नाही, दिला तर वळणावर यंत्रणा आखडते आणि झिजते. पजेरोच्या सुपर सिलेक्ट या फोर-व्हील ड्राइव्हमध्ये मधला डिफरन्शियल (पुढच्या आणि मागच्या चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारी गिअरची जोडणी) असल्यामुळे ओल्या डांबरी चढावरही चारही चाकांवर गाडी नेता येते. टोयोटाच्या प्राडोमध्ये तर ती कायमच चारही चाकांवर असते.

प्रेषक: एक ज्येष्ठ सभासद

प्राडोचा उल्लेख झाला म्हणून लिहितो. प्राडोच्या ३.० डिझेल इंजिनाला, ज्याला जाणकार वन-केडी म्हणतात, माझा विरोध नाही, पण ती जुनी घ्यायची असेल तर इंजेक्टरखालच्या (इंजिनात डिझेल फवारणाऱ्या नळीखालच्या) तांब्याच्या वॉशरबद्दल विचारल्याशिवाय घेऊ नये. सुरुवातीच्या इंजिनांत हे वॉशर गळू लागले की ज्वलनाचा वायू खाली उतरतो, ऑइल काजळीने दाट होते आणि ऑइल ओढून घेणारी जाळी बुजते. बाहेरून काही दिसत नाही आणि एके दिवशी ऑइलचे प्रेशर जाते. शिवाय त्या इंजिनाला टायमिंग बेल्ट (झडपांची उघडझाप वेळेवर करवणारा पट्टा) आहे, तो वेळेवर बदलल्याची पावती हवी. पजेरोच्या ३.२ मध्ये त्या पट्ट्याऐवजी चेन आहे, पण तिच्या इनटेकमध्ये (हवा आत घेण्याच्या मार्गात) काजळी साचते, तेव्हा शेवटची साफसफाई कधी झाली हे विचारावे. रकमेचे बंधन नसते तर मी इसुझूचे ३.० डिझेल इंजिनच सुचवले असते. जड काम निमूटपणे करणारे इतके साधे इंजिन या वर्गात मला दुसरे माहीत नाही.

प्रेषक: खजिनदार

रकमेचे बंधन आहे. कृपया समोर असलेल्या गाडीबद्दल बोलावे.

प्रेषक: एक सभासद (मागील कार्यकारिणी)

काका, समोर असलेल्या गाडीबद्दलच बोलते, आणि इंजिनापेक्षा गिअरबॉक्सबद्दल बोलते, कारण इतक्या पत्रांत तो कोणाच्याच लक्षात आलेला दिसत नाही. मी सहा वर्षे ट्रेलर ओढला आहे आणि त्यात एक ऑटोमॅटिक गिअरबॉक्स गमावला आहे. लांबलचक चढ होता, उन्हाळा होता, मी लिव्हर ‘डी’वर ठेवून निवांत चालले होते आणि गाडी चौथ्या-पाचव्या गिअरमध्ये सारखी वरखाली करत होती. प्रत्येक वेळी टॉर्क कन्व्हर्टरचे (इंजिनाचा जोर ऑइलमधून गिअरबॉक्सला देणाऱ्या भागाचे) लॉक सुटत होते आणि ती सगळी ऊर्जा ऑइल तापवण्यात जात होती, हे मला नंतर समजले. आधी करपल्यासारखा वास आला, मग इंजिन गरगरू लागले आणि गाडी पुढे सरकेना. त्यानंतर चढ लागण्यापूर्वीच हाताने खालचा गिअर निवडून तिथेच ठेवायचा, ही सवय मी लावून घेतली आणि ती आपल्या प्रत्येक चालकाने लावून घ्यावी, असे मला मनापासून वाटते.

शनिवारी गाडी पाहायला जाल तेव्हा ती गरम असताना गिअरबॉक्सची डिपस्टिक (ऑइल मोजण्याची पट्टी) काढा आणि एक थेंब पांढऱ्या कागदावर सोडा. लालसर, स्वच्छ डाग पसरला तर ठीक. डाग तपकिरी असेल, मधोमध काळा ठिपका राहिला असेल आणि करपट वास येत असेल, तर किंमत कितीही उतरवली तरी गाडी सोडून द्या. ऑइल चांगले असले तरी ते बदलून घ्यावे आणि रेडिएटरपुढे गिअरबॉक्ससाठी वेगळा ऑइल-कूलर बसवावा. काका, आपण बाजूला काढलेल्या रकमेत हा कूलर नाही. चारपैकी दोन टायर पुढच्या वर्षावर ढकलावे लागले तरी चालतील, पण कूलर यंदाच हवा.

प्रेषक: खजिनदार

ताई, दोन टायर पुढे ढकलण्याची सूचना मान्य, मात्र ते पुढच्या चाकांचे असावेत. कूलरचा अंदाजित खर्च मला लेखी कळवावा.

प्रेषक: ट्रेलर-व्यवस्था

पुढच्या चाकांचे नकोत, मागच्यांचेही नकोत. टायर ढकलायचे असतील तर आधी चारही टायरांच्या कडेवर छापलेला भार-निर्देशांक (टायर किती वजन पेलतो ते सांगणारा आकडा) आणि उत्पादनाचा आठवडा-वर्ष पाहू द्या, मग ठरवू.

ताईंचा मुद्दा मात्र शंभर टक्के पटला. त्यात आणखी एक हिशेब जोडतो. गाडीच्या पाटीवर एकूण ३,०३० किलोंची मर्यादा आहे आणि सचिवांनी कळवल्याप्रमाणे डिझेलच्या भरल्या टाकीसह तिचे रिकामे वजन २,३३० आहे, म्हणजे गाडीत ७०० किलो घालता येतात. टो-बॉलवरचे २३७ याच ७०० मधून जातात. नवा टो-बार आणि अवजारांची पेटी मिळून ६० धरले तर उरतात ४०३. दर वेळी आपण पाच माणसे बसवतो आणि मागे ध्वनियंत्रणेच्या पेट्या कोंबतो, त्या १४० किलोंच्या आहेत. पाच माणसांचे ३७५ धरले तर पेट्यांसह बेरीज ५१५ होते, म्हणजे ११२ किलो जास्त. यापुढे ट्रेलर जोडलेला असताना गाडीत तिघांहून जास्त माणसे बसवायची नाहीत, असा नियम करावा. तीन माणसे आणि पेट्या मिळून ३६५ होतात आणि आपण मर्यादेत राहतो. एवढे पाळणार असू तर ही गाडी आपल्या कामाची आहे, आणि मी ती घेण्याच्या बाजूने आहे.

प्रेषक: सचिव

सर्वांचे आभार. मागच्या अॅक्सलच्या पाटीचा फोटो मागवला आहे. शनिवारी सकाळी ताई आणि ट्रेलर-व्यवस्था माझ्याबरोबर येतील. पांढरा कागद मी घेतो. नव्या टो-बारच्या पाटीवर किमान २,५०० आणि २५० हे आकडे असल्याशिवाय खजिनदारांनी बिल मंजूर करू नये. जनरेटर मागे सरकवून रविवारी पुन्हा वजन करायचे आहे, म्हणून ट्रेलरच्या कुलपाची दुसरी किल्ली ज्यांच्याकडे असेल त्यांनी आजच कळवावे.