देवाच्या लिफाफ्यातून उसने घेतले, आता काय?

रविवारची_घाई:
पूर्वी महिनाअखेरीला जे उरेल ते अर्पणात टाकायचो. आणि उरायचं काय, ते तुम्हाला माहीतच आहे. म्हणून वर्षभरापूर्वी ठरवलं, पगार झाला की आधी दशमांश, म्हणजे देवाचा दहावा हिस्सा, बाजूला. लिफाफ्यात घालतो, लिफाफा बायबलमध्ये.

घोळ असा की लिफाफा हाताशी असतो. एकदा आईच्या औषधांना त्यातून घेतले. पुढच्या महिन्यात सोफ्याचे शेवटचे दोन हप्ते त्यातूनच गेले. दोन्ही वेळा म्हटलं, "देवा, उसने घेतोय." (म्हटलं ते घेऊन झाल्यावर.) काल लिफाफा काढला तर तो नेमका मलाखीच्या ३ऱ्या अध्यायात, देवाला ठकवल्याचा जाब विचारलाय त्याच पानावर. बायको नुसती हसली.

ती म्हणते, सगळे परत ठेव. मी म्हणतो, देव काय वही घेऊन बसलाय? तुम्ही सांगा.

जुना_खजिनदार:
वही आहे हो! बायबलातलं लेवीय २७:३१ वाचा. दशमांशातलं काही सोडवून घ्यायचं असेल तर वर पाचवा हिस्सा घालायचा. शंभराचे एकशेवीस. ही सवलतही धान्याला आणि फळांना. गुराढोरांचा दशमांश तर सोडवताच येत नसे. घाबरवत नाही, पण "उसने" हा शब्द तुमचा आहे, म्हणून सांगितलं.

मोहरीचा_दाणा:
दादा, औषधं आणि सोफा एका दमात नका सांगू. आईबापांना द्यायचं ते "कुर्बान", म्हणजे देवाला वाहिलेलं, असं म्हणून हात झटकणाऱ्यांना येशूने मार्क ७ मध्ये चांगलंच सुनावलंय. औषधांचे पैसे देवाच्याच कामी लागले, ते विसरा.

सोफ्यासाठी मात्र हाग्गय वाचा, दोनच अध्याय आहेत. इ.स.पू. ५२० ची गोष्ट. मंदिराचा पाया घालून वर्षं लोटली, काम ठप्प, लोक म्हणतायत अजून वेळ आली नाही. स्वतःच्या घरांना मात्र तक्तपोशी झालेली! मजुरी भोकं पडलेल्या पिशवीत जाते, हे तिथलंच.

प्रश्नच_प्रश्न:
तुम्ही सगळे नियमशास्त्रातच फिरताय. प्रेषित पौल आपल्या पत्रांत मंडळ्यांना, म्हणजे चर्चना, दहावा हिस्सा कुठे सांगतो? १ करिंथ १६:२ मध्ये एवढंच आहे की आठवड्याच्या पहिल्या दिवशी प्रत्येकाने आपल्या मिळकतीप्रमाणे बाजूला काढून ठेवावं. ती वर्गणीसुद्धा इमारतीसाठी नव्हती, यरुशलेमेतल्या गरीब विश्वासणाऱ्यांसाठी होती. आणि २ करिंथ ९:७ म्हणतं, कुरकुरत किंवा भाग पडतं म्हणून देऊ नका. मग एकशेवीसचा दंड कशाला?

जुना_खजिनदार:
दंड नाही म्हणत मी. पण तुमच्याच वचनात बघा, "पहिल्या दिवशी". सातव्या दिवशी काय उरलं ते बघू, असं नाही. रक्कम मोकळी सोडली, क्रम नाही सोडला. आणि मोकळी सोडली म्हणजे दहाच्या खालीच यायला हवं असं कुठंय? पौलच २ करिंथ ८ मध्ये सांगतो, मासेदोनियातल्या मंडळ्यांचे लोक स्वतः कंगाल असून ऐपतीबाहेर द्यायला निघाले होते.

रविवारची_घाई:
सर्वांचे आभार. औषधांचे परत ठेवले नाहीत. सोफ्याचे ठेवले, वर पाचवा हिस्साही. प्रश्नभाऊ, दंड म्हणून नाही. सोफ्यावर बसलं की टोचत होतं म्हणून. बायको म्हणाली, आता टेकून बस.

लिफाफा बंद केला. पगार होतो त्याच दिवशी रक्कम आपोआप वेगळ्या खात्यात जाते. त्या खात्याचं कार्ड मी घेतलेलंच नाही. बायकोकडे आहे.