मराठी लेखकाने आधी छापावं, किंडल नंतर. पटतंय का?

कृष्णाकाठ
माझा पहिला कथासंग्रह मी स्वतःच काढला, त्याला चौदा महिने झाले. दोन प्रकाशकांचं 'वाचून कळवतो' ऐकून झालं होतं. आता हिशोब समोर आहे म्हणून हा धागा. सगळे सांगतात की ॲमेझॉनच्या किंडलवर ई-पुस्तक टाक, फुकट आहे. माझा अनुभव उलटा आहे.

किंडलवर ९९ रुपयांना ठेवलं. विकल्या गेल्या ६१ प्रती, हाती आले साडेतीन हजारांच्या आसपास. त्यातले वीसेक जण मला नावानिशी माहीत आहेत, कारण त्यांनी स्क्रीनशॉट पाठवले. छापील ५०० काढल्या. १६८ पानं, प्रत ८५ रुपयांना पडली, म्हणजे ४२,५००. छापील किंमत २५०. वितरकाला निम्म्या किमतीत १२० दिल्या, पैसे ४५ प्रतींचे आले, बाकीच्या 'दुकानांत आहेत'. कुठल्या दुकानांत, ते फोनवर कळत नाही. पण २२० मी स्वतः विकल्या, २०० रुपयांना. खर्च निघून वर सात हजार राहिले.

पुण्याच्या पुस्तक महोत्सवात, फर्ग्युसनच्या मैदानावर, मित्राच्या टेबलाचा कोपरा मिळाला होता. एका रविवारी ३८ गेल्या. एका आजोबांनी उभ्या उभ्या पहिली कथा पूर्ण वाचली, पुस्तक खाली ठेवलं आणि निघून गेले. अर्ध्या तासाने परत आले, दोनशेची नोट धरूनच. म्हणाले, शेवट पटला नाही, बाकीच्या बघतो. मराठी पुस्तक असं खपतं.

आयटीवाला
असहमत. सात हजार कसले? १६० प्रती घरात पडून, ७५ वितरकाकडे अडकलेल्या, आणि तुमचे चौदा महिन्यांचे शनिवार-रविवार? ती मजुरी धरा, मग सांगा. किंडलला शून्य रुपये लागले, गठ्ठे नाहीत, टेम्पो नाही.

आणि एक विचारतो. केडीपी, म्हणजे किंडलवर पुस्तक चढवायची ॲमेझॉनची सोय, तिथल्या 'सिलेक्ट' योजनेला टिचकी मारली होती का? भारतातल्या विक्रीवर ७० टक्के मानधन त्यातच मिळतं, नाहीतर ३५. किंडल अनलिमिटेडची वर्गणी भरलेले वाचतात त्याचे पानांप्रमाणे पैसे वेगळे. तुम्ही ६१ प्रती सांगितल्या, पानं किती वाचली गेली ते सांगितलं नाहीत.

कृष्णाकाठ
टिचकी मारली होती. पानांचे चौदा महिन्यांत चारशे रुपयेही नाहीत. आणि मजुरी धरायची तर कथा लिहायच्याच कशाला, क्लास काढते.

दिवाणाखाली
माझं बघून शहाणे व्हा. एका 'पॅकेज'वाल्या कंपनीला चाळीस हजार दिले. मुखपृष्ठ, आयएसबीएन (पुस्तकाचा ओळख क्रमांक), 'देशभर वितरण', सगळं त्यात. देशभर वितरण म्हणजे दोन वेबसाइटांवर पुस्तकाचं पान उघडलं, बस्स. मुखपृष्ठावर जोडलेले हात आणि सूर्यास्त होता, कादंबरी साखर कारखान्यावर. आयएसबीएन तर दिल्लीच्या राजा राममोहन राय एजन्सीकडून लेखकाला स्वतःलाही फुकट मिळतो, हे मला नंतर कळलं.

अक्षरजुळारी
वीस वर्षं डीटीपी, म्हणजे संगणकावर अक्षरजुळणी करतोय. दोघांचंही एक राहिलं. किंडलवर मराठी खपत नाही याचं एक कारण आमच्याच धंद्यात आहे. मजकूर जुन्या फाँटात लावलेला असतो, लेखक तोच कन्व्हर्टरमधून युनिकोड, म्हणजे फोनवर दिसणाऱ्या अक्षरांत करतो आणि न वाचता चढवतो. छापताना सुंदर दिसणारा मजकूर तिथे मोडतो. सगळ्यात आधी मरतो तो 'ऱ्य'. 'सह्याद्रीच्या दऱ्या' लिहिलेलं असतं, फोनवर दिसतं 'सह्याद्रीच्या दर्या'. डोंगरात समुद्र! 'दुसऱ्या'चं 'दुसर्या' होतं, ते तर पानापानावर. वाचक दहा टक्के नमुना बघतो आणि बंद करतो. तो नमुना तुमचं टेबल आहे. कृष्णाकाठताई, तुमची फाइल फोनवर उघडून बघितली होती का?

कृष्णाकाठ
आत्ता उघडली. तिसऱ्याच परिच्छेदात 'दुसर्या दिवशी'. चौदा महिने हे असंच आहे.

आयटीवाला
म्हणजे ६१ प्रती मोडक्या फाइलवर गेल्या! हा हिशोब किंडलच्या माथी मारू नका.

सॅन होजेकर
इथल्या, अमेरिकेतल्या लोकांचा विचार करा. अडीचशेचं पुस्तक मागवायचं तर टपालखर्च पुस्तकाहून जास्त. आम्ही ई-पुस्तकच घेतो, नाहीतर आई येताना बॅगेत आणते. मागच्या वेळी तिने लोणचं कमी करून चार पुस्तकं आणली. जाता जाता, केडीपीतून छापील आवृत्तीही काढता येते म्हणून खूश होऊ नका, ती भारतात छापली जात नाही.

तालुका वाचनालय
आमचं 'ब' वर्गाचं वाचनालय आहे. किंडलची मागणी आजवर एकाही सभासदाने केलेली नाही. पण स्वतः पुस्तक काढणारे लेखक येतात आणि पहिल्याच वाक्याला अडतात: "एक प्रत भेट देतो, ठेवून घ्या." भेट नको हो, बिल द्या! छापील पावती, सूट किती ते, आयएसबीएन. अनुदानाचा हिशोब आम्हाला दाखवायचा असतो. ग्रंथालय संचालनालयाच्या शासनमान्य ग्रंथांच्या यादीसाठी प्रत पाठवा, यादीत आलात तर महाराष्ट्रभरची वाचनालयं तुमचं नाव तरी वाचतील. स्वतः प्रकाशक झालात की १९५४च्या कायद्याने चार प्रती ग्रंथालयांना स्वखर्चाने द्यायच्या असतात, पहिली कोलकात्याच्या राष्ट्रीय ग्रंथालयाला. हे सांगितलं की लेखक माझ्याकडे असं बघतात जणू मीच कर मागतेय.

आयटीवाला
वाचनालयाचा मुद्दा मान्य. तरी आधी छापा हे मान्य नाही. ५०० कशाला? पन्नास छापा, मागणी बघा.

अक्षरजुळारी
पन्नासला प्रत दीडशेच्या घरात जाईल. मग वितरकाला निम्म्यात देऊन हाती उणेच. कमी प्रती काढायच्या असतील तर वितरक विसरा, स्वतःच विका. ऑनलाइन बाजारपेठेच्या साइटवर विक्रेता म्हणून नुसती पुस्तकं विकायची असतील तर जीएसटी क्रमांकही लागत नाही.

दिवाणाखाली
पाठवायचं कसं? पुस्तकांचं स्वस्त टपाल, बुकपोस्ट, ते तर बंद झालं.

तालुका वाचनालय
मे २०२५ पासून 'ज्ञान पोस्ट' आहे. ३०० ग्रॅमपर्यंत २० रुपये, पाच किलोपर्यंत १००, शिवाय कर वेगळा. पुस्तकावर मुद्रकाचं किंवा प्रकाशकाचं नाव छापलेलं हवं, आणि आत जाहिरात चालत नाही. कथासंग्रह बसतो का ते काउंटरवर आधी विचारा.

कृष्णाकाठ
माझ्या पुस्तकाच्या मलपृष्ठावर भाच्याच्या खानावळीची जाहिरात आहे. ५०० प्रतींवर. त्याने दोन हजार दिले होते.

सॅन होजेकर
😂 खानावळीत विकायला ठेवा.

कृष्णाकाठ
ठेवल्यात. वीस गेल्या, २२० मध्ये धरल्या आहेत. असो. सिलेक्टचे चालू ९० दिवस पुढच्या महिन्यात संपतायत, आपोआप पुढे सरकू नये म्हणून टिचकी काढली. तोवर तिथल्या कथा दुसऱ्या कुठल्याही ॲपवर टाकता येत नाहीत, हे मला वर कुणी सांगितलं नाही, मेलमध्ये वाचलं. अक्षरजुळारी, १६८ पानांचे 'ऱ्य' दुरुस्त करून द्यायचे किती घ्याल?

अक्षरजुळारी
पुस्तक पाठवा. साध्या कुरिअरने.