शब्दचर्चा : 'जणू' आलं म्हणजे उत्प्रेक्षाच का?

प्रश्न असा आहे : 'सारखा, समान, परी, प्रमाणे असे शब्द दिसले की उपमा, जणू, गमे, भासे, वाटे दिसले की उत्प्रेक्षा, असं शाळेत पाठ केलं होतं. पण कविता वाचताना ही ओळख बऱ्याचदा जुळत नाही. असं का?'

शाळेत दिलेली ती नुसती खूण आहे, आणि खुणेवर विसंबलं की फसगत होते. 'ती बहिणीसारखी उंच आहे' या वाक्यात 'सारखी' आहे, पण उपमा नाही. दोन माणसांची उंची ताडून पाहिली, एवढंच तिथे घडलं. 'ती ताडासारखी उंच आहे' म्हटलं की उपमा झाली. उपमेला दोन वेगळ्या जातीच्या वस्तू लागतात, त्यांच्यात एक समान धर्म लागतो आणि तो जुळवताना ऐकणाऱ्याच्या मनाला थोडा सुखद धक्का बसावा लागतो. जुने साहित्यशास्त्रकार याला चमत्कृती म्हणत. इथे 'ती' उपमेय, 'ताड' उपमान, उंची हा साधारण धर्म आणि 'सारखी' हा साधर्म्य दाखवणारा शब्द. चारही अंगं हजर, म्हणून पूर्णोपमा. यातलं एखादं अंग गाळलं तर लुप्तोपमा. 'पोरगी ताडमाड वाढलीय' असं आपण सहज म्हणतो तेव्हा तीच उपमा झिजून नुसतं क्रियाविशेषण होऊन बसलेली असते.

'जणू'चंही तसंच. 'जणू काही झालंच नाही अशा थाटात तो निघून गेला' या वाक्यात उत्प्रेक्षा शोधू नये. तिथे उपमेय-उपमानाची जोडीच नाही, फक्त वागण्याची रीत सांगितली आहे. उत्प्रेक्षेची व्याख्या करताना 11व्या शतकातल्या मम्मट या संस्कृत साहित्यशास्त्रकाराने 'संभावन' हा शब्द वापरला. समोरची वस्तू म्हणजे ती दुसरी वस्तूच असावी, असं कल्पनेने धरून चालणं, हा त्याचा अर्थ. आजच्या मराठीत 'संभावना' हा शब्द बहुतेक वेळा 'मूर्ख म्हणून त्याची संभावना केली' अशा वाक्यात भेटतो, त्यामुळे ती व्याख्या वाचताना अडखळायला होतं. धरून चालणं, एवढं लक्षात ठेवलं तरी पुरे.

माझ्या मते या सगळ्या अलंकारांची खरी ओळख दोन वस्तूंमधल्या अंतरावरून पटते. मुख आणि चंद्र ही जुनीच जोडी घेऊ. मुख चंद्रासारखं आहे : दोघं शेजारी उभे, पण वेगळे. ही उपमा. मुख जणू चंद्रच : अंतर मिटत आलं, पण 'जणू'ने थोडी फट राखली. ही उत्प्रेक्षा. मुखचंद्र : फट बुजली, दोन्ही एकच. हे रूपक. हे मुख नव्हेच, हा चंद्र : उपमेयाला चक्क नाकारलं. ही अपन्हुती. 'न हे नयन, पाकळ्या उमलल्या सरोजांतिल' ही ओळ आपल्यापैकी अनेकांनी याच नावाखाली पाठ केली असेल. मुख चंद्राहून सुंदर म्हटलं तर व्यतिरेक. हे मुख की चंद्र असं मन हेलकावलं तर ससंदेह. खरोखरच चंद्र समजून चकोर धावला तर भ्रान्तिमान, कारण आता फसलेला कवी नसून चकोर आहे. आणि या मुखाला उपमाच नाही, ते त्याच्यासारखंच, असं म्हटलं की अनन्वय. 'झाले बहु, होतिल बहु, आहेतहि बहु, परंतु यासम हा' या ओळीत तेच आहे.

आता या रांगेतलं एक टोक राहिलं. खिडकीत मुलगी आली आणि कवी म्हणाला, 'खिडकीत चंद्र उगवला.' मुखाचा उल्लेखसुद्धा नाही, उपमानाने उपमेय गिळून टाकलं. संस्कृत साहित्यशास्त्र याला अतिशयोक्तीचाच एक प्रकार मानतं. मराठी शाळेत अतिशयोक्ती म्हणजे फुगवून सांगणं. दमडीचं तेल आणलं, त्यात सासूबाईंचं न्हाणं झालं, मामंजींची शेंडी झाली, उरलेलं झाकून ठेवलं, त्याला लांडोरीचा पाय लागला आणि वेशीपर्यंत ओघळ गेला, ही आपली लोकगीतातली अतिशयोक्ती. दोन्ही अर्थ आपापल्या जागी बरोबर आहेत. संस्कृत ग्रंथ वाचताना मात्र हा फरक ठाऊक हवा, नाहीतर 'यात फुगवलंय काय?' असा प्रश्न पडून माणूस गोंधळतो.

व्यतिरेकाबद्दल एक गोष्ट सांगितल्याशिवाय राहवत नाही. मराठीचं सर्वांत गाजलेलं कौतुक याच अलंकारात आहे. ज्ञानेश्वरीच्या सहाव्या अध्यायातली 'माझा मराठाचि बोलु कौतुकें । परि अमृतातेंही पैजां जिंके' ही ओवी घ्या. बोल अमृतासारखा म्हटलं असतं तर उपमा झाली असती आणि कुणाच्या लक्षातही राहिली नसती. इथे बोल अमृताशी पैज लावतो आणि जिंकतो. व्यतिरेकाचं सगळं बळ त्या 'पैजां' या शब्दात आहे.

'रूपक' या शब्दाने आणखी थोडा गोंधळ होतो, कारण तो तीन घरी नांदतो. अलंकार म्हणून रूपक आपण पाहिलं. संस्कृत नाट्यशास्त्रात रूपक म्हणजे रंगभूमीवर सादर होणारी रचना. धनंजयाच्या 'दशरूपक' या ग्रंथाच्या नावात हा अर्थ आहे. संगीतात सात मात्रांचा रूपक ताल आहे. कुणी 'हे रूपक आहे' म्हणालं की चर्चा कोणत्या घरी चालली आहे, ते आधी पाहावं.

रूपक लांबवत नेलं, म्हणजे मुख्य वस्तूबरोबर तिचे सगळे अवयवही एकेक करून जुळवले, की त्याला सांगरूपक म्हणतात. स-अंग रूपक. हा शब्द समजून घ्यायला ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातल्या गणेशवंदनाइतकं चांगलं ठिकाण मला तरी माहीत नाही. 1290 सालच्या या ग्रंथाच्या आरंभी ज्ञानदेव सगळं वाङ्मय म्हणजेच गणपती, असं रूपक मांडतात आणि मग एकही अवयव सोडत नाहीत. अठरा पुराणं हे त्याचे मणिजडित दागिने, सहा दर्शनं हे सहा हात. त्या हातांतली आयुधंही हिशेबात धरली आहेत : तर्क हा परशू, नीतिभेद हा अंकुश, आणि वेदान्त हा गोड रसाचा मोदक. गणपतीचा एक दात मोडका असतो. तोही वाया जात नाही. खंडन झालेलं बौद्धमत म्हणजे तो खंडित दात. शेवटी 'अकार चरणयुगुल । उकार उदर विशाल । मकार महामंडल । मस्तकाकारें' असं म्हणत सगळी मूर्ती ॐकारात सामावते. वाचणाऱ्याला वाटतं, आता पुढे काय जुळवणार? आणि ते जुळतंच. सांगरूपकाचा कस असा : मोडक्या दातालाही जागा मिळाली पाहिजे. ती नाही मिळाली तर रूपक लांबलं, सांग झालं नाही.

याच चर्चेत एकीने विचारलं होतं की 'दृष्टान्त' म्हणजे उदाहरण का? रोजच्या बोलण्यात दृष्टान्ताचे दोन अर्थ आहेत. 'देवाने स्वप्नात दृष्टान्त दिला' हा एक, आणि समजावण्यासाठी दिलेला दाखला हा दुसरा. अलंकारशास्त्रात अर्थ जास्त नेमका आहे : दोन स्वतंत्र विधानं समोरासमोर ठेवायची, एकाचं प्रतिबिंब दुसऱ्यात पडायला हवं, पण 'जसं-तसं' म्हणायचं नाही. तुकोबा म्हणतात, 'लहानपण दे गा देवा । मुंगी साखरेचा रवा ।' इथे 'जशी मुंगी' कुठे आहे? मागणं संपलं आणि मुंगी साखर खाऊ लागली. लगेच पुढे 'ऐरावत रत्न थोर । तया अंकुशाचा मार'. दोन्हींचं नातं आपण लावायचं. 'जसा' हा शब्द त्यात घालून पाहा, अभंगाचा सगळा वेग जातो. महानुभाव पंथात तर दृष्टान्ताची रचनाच ठरलेली आहे. केसोबासांनी चक्रधरांच्या वचनांवरून सिद्ध केलेल्या दृष्टान्तपाठात आधी सूत्र, मग दृष्टान्त आणि त्यावरून काढलेला बोध म्हणजे दार्ष्टान्तिक, असे तीन भाग येतात. 'दार्ष्टान्तिक' हा शब्द आता विस्मरणात गेलाय, पण मराठीत परत वापरात यावा इतका उपयोगी आहे.

अन्योक्ती आणि रूपककथा यांतला फरक थोडक्यात सांगतो. अन्योक्ती म्हणजे एकाला उद्देशून बोलायचं आणि लागायचं दुसऱ्याला. 'लेकी बोले सुने लागे' ही म्हण म्हणजे अन्योक्तीची घरगुती व्याख्या. कृष्णशास्त्री चिपळूणकरांच्या अन्योक्तीत कोकिळेला सांगितलंय की 'येथे समस्त बहिरे बसताति लोक', तेव्हा तू कशाला गातेस. रंगावरून हे तुला कावळाच समजतील. बोलणं कोकिळेशी, चपराक गुण न ओळखणाऱ्या सभेला. रूपककथेत कुणाला उद्देशून बोलायची गरज नसते, वि. स. खांडेकरांनी मराठीत रुजवलेल्या त्या छोट्या कथांमध्ये नदी, पर्वत, फूल स्वतःच पात्रं होतात आणि गोष्ट पुढे नेतात.

श्लेषाबद्दलचा, म्हणजे एकाच शब्दातून दोन अर्थ काढण्याबद्दलचा, आक्षेप मला मान्य नाही. 'श्लेष म्हणजे कोटी, त्यात काव्य कसलं?' असं विचारलं गेलं. कोटी हसवून संपते. श्लेष कथेचं काम करू शकतो. दमयंती नलाच्या विरहाने मूर्च्छित पडली आहे, थंड उपचारांनी शुद्धीवर येते आणि हळूच म्हणते, 'औषध नलगे मजला'. आई ऐकते : औषध न लगे मजला, औषध नको. आणि 'बरे' म्हणून मान डोलावते. मुलीने सांगितलेलं असतं : औषध, नल गे मजला. माझं औषध नल. शब्द मोडण्याची जागा बदलली की अर्थ बदलतो, म्हणून हा सभंग श्लेष. पण त्याहून महत्त्वाचं हे की मुलीला आईसमोर जे उघड बोलता येत नाही ते ती बोलून गेली आणि आईला कळलंही नाही. दोन अर्थांमध्ये दोघींचं नातं उभं आहे. शब्द न मोडता दोन अर्थ देणारा तो अभंग श्लेष. 'हे मेघा, तू सर्वांना जीवन देतोस' यातलं जीवन म्हणजे पाणीही आणि आयुष्यही. (वारकऱ्यांच्या अभंगाशी या 'अभंग'चा संबंध नाही, न भंगलेला, एवढाच अर्थ.)

प्रतिमा आणि प्रतीक हे शब्द आता समीक्षेत एकमेकांच्या जागी सर्रास वापरले जातात, ते टाळता येईल. प्रतिमा इंद्रियांना जाणवते. मर्ढेकरांच्या 'पिपांत मेले ओल्या उंदिर' या ओळीत आधी ओल, कुबट वास आणि पिंपातला अंधार अंगावर येतो, अर्थ त्यानंतर. प्रतीक स्वतःही असतं आणि स्वतःपलीकडचं काही सुचवतही असतं. कवी बींच्या 'चाफा बोलेना' या कवितेकडे व्याकरणाच्या पुस्तकातून पाहिलं तर चेतनगुणोक्ती आहे, कारण झाड माणसासारखं रुसलंय. पण तेवढ्यावर कविता संपत नाही. हा चाफा प्रियकर, की आत्मा, की आणखी कोणी, याविषयी वाचक इतकी वर्षं बोलत आले, ते चाफा प्रतीक झाला म्हणून. एकाच ओळीला दोन नावं लागू शकतात, आणि त्यात काही बिघडत नाही.

शेवटचा शब्द 'विरोधाभास'. याचा गैरवापर रोज वाचायला मिळतो. 'मंत्र्यांच्या दोन विधानांत विरोधाभास', 'आकडेवारीत विरोधाभास'. या शब्दाचं अर्धं वजन 'आभास'वर आहे. वरवर विरोध दिसतो, थोडा विचार केला की तो विरतो आणि मागे खोल अर्थ उरतो. 'मरणात खरोखर जग जगते' हा विरोधाभास आहे. 'जरी आंधळी मी तुला पाहते' हाही. मंत्र्यांनी सोमवारी एक आणि मंगळवारी त्याच्या उलट सांगितलं असेल तर तिथे आभास कुठला? तो सरळ विरोध आहे. आकडे जुळत नसतील तर विसंगती म्हणावं, विधानं एकमेकांना खोडत असतील तर परस्परविरोध म्हणावं. बातमी लिहिणाऱ्यांसाठी हे दोन्ही शब्द तयारच आहेत. विरोधाभास म्हटल्याने उलट बोलणाऱ्याची सुटका होते : त्याचं बोलणं फक्त विसंगत 'दिसतं', मुळात काहीतरी खोल अर्थ असेल, असं आपण नकळत मान्य करून टाकतो.