मोती आणि आईची साखर

कुत्र्याला आजार कळतो हा निव्वळ योगायोग, असं कुणीतरी म्हटलंय, म्हणून लिहितेय.

लालबागच्या आमच्या चाळीत मोती गॅलरीत झोपायचा. साधा गल्लीतला कुत्रा, कसलंच शिक्षण नाही. आईला मधुमेह, ती इन्सुलिनवर. एका पहाटे तो आत येऊन तिचा हात चाटायला लागला, मग पंजाने पांघरूण ओढायला लागला. हाकललं तरी हटेना. दिवा लावला तर आई घामाने निथळत होती, शब्द अडखळत होते. साखरेच्या मीटरवर ५२, म्हणजे फारच कमी! ग्लुकोजचं पाणी पाजलं, पंधरा-वीस मिनिटांनी ती नीट बोलायला लागली. पुढे आणखी दोनदा असंच झालं.

साखर उतरली की श्वासातलं आयसोप्रीन नावाचं रसायन वाढतं, असं केंब्रिजच्या संशोधकांना २०१६ मध्ये दिसलं. मोतीला कदाचित तोच वास येत असावा. १९८९ मध्ये 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात लंडनच्या दोन डॉक्टरांचं पत्र आलं होतं. एका बाईच्या पायावरचा तीळ तिचा कुत्रा सारखा हुंगायचा, एकदा तर चावायलाच गेला. तपासलं तर तो त्वचेचा कर्करोग, मेलानोमा निघाला.

पण एका रात्री साखर ६० वर आली तेव्हा मोती गाढ झोपलेला होता, तेही सांगायला हवं. मीटरला तो पर्याय नव्हता.

मागच्या पावसाळ्यात मोती गेला. आई अजून पहाटे चारला जागी होते आणि आधी गॅलरीकडे बघते.