मदत हवी आहे: कुडाळहून गोव्याचं नौदल विमान संग्रहालय, एका दिवसात

मंडळी, येत्या रविवारी (सोमवारी संग्रहालय बंद असतं) बाबा आणि सातवीतल्या भाच्याला घेऊन दाबोळीजवळच्या बोगमाळो रस्त्यावरच्या संग्रहालयात जायचंय. स्वतःची गाडी नाही. सकाळच्या कोकणकन्येने मडगाव आणि संध्याकाळी तिनेच परत, एवढं पक्कं. मुक्काम शक्य नाही.

अडतंय ते पुढे. ज्यांना विचारलं ते सगळे आपापल्या गाडीने गेलेले. नकाशात अंतर दिसतं, चढ दिसत नाही, आणि बाबा काठी टेकत चालतात, गुडघे दुखतात. मडगावहून वास्कोची कदंबा (गोव्याची सरकारी बस) मिळेल हे माहीत आहे, पण हमरस्त्यावर उतरून पुढे रिक्षा मिळते का, की वास्कोहूनच करावी? परतीची रिक्षा थांबवून ठेवावी लागते का?

भाच्याचा जीव १९७१च्या युद्धात विक्रांत या विमानवाहू जहाजावरून उडालेल्या सी हॉक आणि अलिझे या विमानांवर. दुमडणाऱ्या पंखांच्या बिजागऱ्या त्याला जवळून बघून वहीत काढायच्यात, म्हणजे घाई करून चालणार नाही. विमानं उघड्यावर आहेत, तेव्हा बाबांना सावलीत टेकायला बाक आहे का? आणि आतल्या दालनाला पायऱ्या किती?