मदत हवी आहे: हायस्कूलच्या मुलींची सॉकर टीम, खेळायची मिनिटं आणि सीनियर नाइट

नमस्कार मंडळी,

मी अमेरिकेतल्या एका लहान पब्लिक हायस्कूलमध्ये गणित शिकवते आणि यंदापासून मुलींच्या सॉकर (फुटबॉल) टीमची कोच आहे. आधीच्या कोच निवृत्त झाल्या. त्यांच्या हाताखाली मी असिस्टंट होते, त्यामुळे मुली ओळखीच्या आहेत. शाळा लहान, म्हणून वेगळी जेव्ही, म्हणजे दुय्यम टीम नाही. नववीपासून बारावीपर्यंतच्या सगळ्या मुली एकाच व्हार्सिटी रोस्टरवर (शाळेच्या मुख्य टीमच्या यादीत), एकूण 18. त्यातल्या पाच-सहा जणी वर्षभर क्लबकडून खेळतात. उरलेल्यांपैकी काहींनी नववीत येईपर्यंत बॉलला पायसुद्धा लावला नव्हता.

सीझन आता शेवटाकडे आला आहे आणि खरा पेच मिनिटांचा आहे. आमची मॅच 40-40 मिनिटांची. मैदानावर 11 जणी, म्हणजे वाटायला 880 मिनिटं. गोलकीपर पूर्ण वेळ उभी राहणार, तिची 80 वजा केली की उरतात 800. ती 17 मुलींत सारखी वाटली तर प्रत्येकीला साधारण 47 मिनिटं येतात. प्रत्यक्षात आठ जणी जवळपास पूर्ण मॅच खेळतात आणि चार-पाच जणींच्या वाट्याला दहा-बारा मिनिटं येतात, तीही बहुतेक वेळा निकाल स्पष्ट झाल्यावर. व्हार्सिटीत मिनिटं समान वाटली जात नाहीत हे मुलींना आणि पालकांना सीझनच्या आधीच्या मीटिंगमध्ये सांगितलं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण दहा मिनिटं खेळणारी मुलगी आठवड्याचे पाचही दिवस प्रॅक्टिसला येते, तेवढंच धावते, तेवढीच दमते.

त्यात मध्येच आमच्या सेंटर-बॅकचा (बचावात मधोमध खेळणारीचा) गुडघा गेला. कुणी धक्का दिला नव्हता. उलट्या दिशेला वळताना पाय जमिनीत रुतल्यासारखा झाला आणि ती खाली बसली. एमआरआयमध्ये एसीएल (गुडघ्यातलं एक मुख्य लिगामेंट) फाटल्याचं निघालं. ऑपरेशन होईल, सीझन संपला. ती आता कुबड्या घेऊन बेंचवर येऊन बसते. तिच्या जागी मी लेफ्ट-बॅकला (बचावात डावीकडे खेळणारीला) आत घेतलं आणि लेफ्ट-बॅकची जागा रिकामी झाली.

त्या जागेवर खेळू शकेल अशी एक बारावीतली मुलगी आहे. नववीत आली तेव्हा तिला थ्रो-इनसुद्धा (साइडलाइनवरून हातांनी बॉल आत टाकणं) टाकता येत नव्हता, मागचा पाय उचलला जायचा. चार वर्षांत तिने प्रॅक्टिस चुकवल्याचं मला आठवत नाही. आता पासिंग नीट आहे, जागा कळते, पण वेग कमी. मॅचच्या दिवशी ती बेंचवर शिनगार्डचे (नडगीवरच्या पॅडचे) पट्टे सोडून पुन्हा बांधत असते. मी तिच्या दिशेने पाहिलं की हात थांबतात. मी दुसऱ्याच कुणाला हाक मारली की पुन्हा पट्टे बांधायला लागते.

घरच्या मैदानावरची शेवटची मॅच म्हणजे आमची सीनियर नाइट. बारावीच्या मुली आई-वडिलांबरोबर मैदानावर येतात, फुलं देतात, फोटो होतात आणि सगळ्या सीनियर सुरुवातीपासून खेळतात अशी शाळेची जुनी प्रथा. नेमकी याच मॅचवर आमची प्लेऑफची (सीझननंतरच्या बाद फेरीची) जागा ठरणार आहे, जिंकावंच लागेल. समोरच्या टीमची उजवी विंगर (कडेने हल्ला करणारी) जिल्ह्यातली सगळ्यांत वेगवान मुलगी आहे आणि ती थेट आमच्या लेफ्ट-बॅकवर येणार.

मला विचारायचं आहे ते असं. जिंकायलाच हव्यात अशा मॅचेसमध्ये बेंचवरच्या मुलींना तुम्ही कसं आणि कधी उतरवता? सीनियर नाइटला या मुलीला सुरुवातीला उतरवून पाच मिनिटांत बाहेर काढणं योग्य, की तिला खरोखर खेळवावं? आणि एसीएलच्या दुखापतीनंतर बाकीच्या मुली टॅकलला घाबरायला लागल्या आहेत, त्यासाठी काय करता येईल?

प्रतिसाद

ताई, मी बरीच वर्षं हायस्कूलच्या मुलींना कोच केलंय, तेव्हा पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

टीव्हीवरच्या मोठ्या सामन्यांत पाच बदल आणि बाहेर गेलेली खेळाडू परत येत नाही, हे डोक्यात बसलेलं असतं. हायस्कूलच्या नियमांत बाहेर गेलेली मुलगी परत येऊ शकते, आणि हीच तुमच्या हातातली सगळ्यांत मोठी सोय आहे. मिनिटं मॅच चालू असताना ठरवू नका, आदल्या रात्री कागदावर लिहा. प्रत्येक हाफचे साधारण दहा-दहा मिनिटांचे चार तुकडे करा. पहिल्या हाफच्या दुसऱ्या तुकड्यात बेंचवरच्या दोन-तीन मुली उतरतात, स्कोअर काहीही असो. तेव्हा बहुतेक वेळा 0-0 असतं, पाय ताजे असतात, आणि त्यांनी केलेली चूक भरून काढायला पूर्ण मॅच शिल्लक असते. शेवटच्या पाच मिनिटांत थंड पायांनी मैदानात जाणं सगळ्यांत अवघड, आणि नवख्या मुलींना आपण नेमकं तेव्हाच पाठवतो.

बचावातल्या दोघी एकदम बदलू नका. एक बदला, तिच्या शेजारी अनुभवी मुलगी ठेवा. आणि एक गोष्ट कटाक्षाने पाळा: मुलीच्या चुकीवर गोल झाला की लगेच तिला बाहेर काढायचं नाही. बदल ठरलेलाच असला तरी पाच मिनिटं थांबा. नाहीतर ती मुलगी पुढच्या मॅचला बॉल मागायचीच बंद होते, आणि तिचं पाहून बाकीच्याही.

उतरणारी मुलगी आधीच स्कोअररच्या टेबलाशी जाऊन तयार राहायला हवी, नाहीतर आपला थ्रो-इन, म्हणजे बदलाची संधी, निघून जातो. बेंचवरच्या मुलींना ठरलेली वेळ माहीत असली की त्या आपणहून वॉर्म-अपला उठतात.

प्रतिसाद

मी फिजिओथेरपिस्ट आहे, गुडघ्यांचे पेशंट रोज बघते, त्यामुळे तिसरा प्रश्न घेते.

तुम्ही वर्णन केलंय तसंच हे बहुतेक वेळा होतं: धक्का नाही, फक्त वळणं किंवा उडी मारून उतरणं, गुडघा आत झुकतो आणि एसीएल फाटतो. त्याच खेळात मुलांपेक्षा मुलींमध्ये हे प्रमाण दुपटीहून जास्त आढळतं. टॅकलला घाबरून ते कमी होत नाही. अर्धवट मनाने, शरीर मागे ठेवून पाय घालणारी मुलगी जास्त धोक्यात असू शकते, हे त्यांना समजावून सांगा.

‘फिफा 11+’ नावाचा वॉर्म-अप आहे, तो आजपासून सुरू करा. साधारण वीस मिनिटं लागतात: आठ मिनिटं हलकं धावणं, दहा मिनिटं ताकद, उड्या आणि तोल, शेवटची दोन मिनिटं वेगात धावणं आणि वळणं. नॉर्वेत 13 ते 17 वर्षांच्या 1800 हून जास्त मुलींवर याचा अभ्यास झाला, तो 2008 साली प्रसिद्ध झाला. हा वॉर्म-अप करणाऱ्या टीम्समध्ये एकूण दुखापती जवळजवळ एक तृतीयांशाने कमी होत्या. आठवड्यातून किमान दोनदा तरी हवा. मॅचच्या दिवशी मधला ताकदीचा भाग गाळतात.

करून घेताना मुलींच्या समोर उभ्या राहा. उडी मारून खाली येताना गुडघा पायाच्या बोटांच्या रेषेत राहतोय का, एवढंच बघा. एकमेकींसमोर जोड्या लावल्या तर त्या स्वतःच एकमेकींना ‘गुडघा आत जातोय’ सांगतात, आणि ते तुमच्या सांगण्यापेक्षा लवकर कळतं. टॅकलची भीती घालवायला आधी चालत, मग हळू धावत एकास एक करा. वेग शेवटी.

कुबड्यांवरच्या मुलीबद्दल: ऑपरेशननंतर खेळात परतायला किमान नऊ महिने धरा, त्याआधी घाई करू देऊ नका. हा काळ मनाने फार जड जातो. तिला काम द्या. आणि बाकीच्यांपैकी कुणाची पाळी तीन महिने आली नसेल तर ‘खेळाडूंचं असंच असतं’ म्हणून सोडू नका, डॉक्टरकडे पाठवा. मुली हे कोचला सांगत नाहीत, म्हणून शाळेच्या (दुखापती बघणाऱ्या) ट्रेनरकडून सगळ्यांना एकदम सांगवा.

प्रतिसाद

मी स्वतः हायस्कूलमध्ये चारही वर्षं बेंचवर होते, म्हणून लिहावंसं वाटलं.

मला कमी मिनिटांचं दुःख नव्हतं. मी किती चांगली आहे हे मलाही दिसत होतं. दुःख होतं ते काहीच न कळण्याचं. आज खेळणार का, कुठे खेळणार, कशासाठी खेळणार? कोच माझ्याशी फार प्रेमाने बोलायचे, फक्त या तीन गोष्टी सांगायचे नाहीत. तुम्ही त्या मुलीला बाजूला घेऊन सरळ सांगा. ‘तुला अमुक मिनिटाला उतरवणार, तुझं काम हे’, एवढं पुरे.

आपल्या खो-खोत पाटीवर बसलेली मुलगी खेळातच असते. पाठीमागून कधी खो येईल याकडे तिचं अंग लागलेलं असतं. सॉकरच्या बेंचवर ते आपोआप होत नाही, कोचला करावं लागतं. बेंचवरच्या प्रत्येकीला समोरच्या टीममधली एक खेळाडू नेमून द्या: ती कुठल्या पायाने खेळते, कुठे वळते, दमली की काय करते. हाफटाइमला त्यांनी सांगायचं. आमच्याकडे शेवटच्या वर्षी नवीन कोचनी हे केलं आणि मला पहिल्यांदा मॅचनंतर घरी सांगण्यासारखं काही मिळालं.

प्रतिसाद

थोडं वेगळं मत मांडतो, राग मानू नका. प्लेऑफ हा टीममधल्या सगळ्याच मुलींचा हक्क आहे. बारावीतल्या बाकीच्या मुलींचंही ते शेवटचं वर्ष आहे. एका मुलीच्या समाधानासाठी वेगवान विंगरसमोर हळू लेफ्ट-बॅक ठेवली आणि हरलात, तर त्या मुलीलाच आयुष्यभर वाटत राहील की आपल्यामुळे गेलं. प्रथा पाळा, सुरुवात करू द्या, पहिल्या संधीला बदला. टाळ्या मिळतील, सन्मानही होईल.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. वॉर्म-अप लगेच सुरू केला, जोड्यांची कल्पना मुलींना आवडली. जिचा गुडघा गेला ती आता बेंचवर वही घेऊन बदलांची वेळ सांभाळते आणि टेबलाशी मुलींना वेळेवर पाठवते.

शेवटच्या प्रतिसादाबद्दल: तुमचा मुद्दा मी गंभीरपणे घेतला आणि दोन दिवस त्यावर विचार केला. तरीही मला पटत नाही. पहिल्या शिट्टीला बाहेर काढलेल्या मुलीला आणि स्टँडमधल्या प्रत्येकाला कळतं की हा सन्मान फोटोपुरता होता. चार वर्षं मी आणि आधीच्या कोचनी तिला सांगत आलो की मेहनत कर, जागा मिळेल. आज जागा रिकामी आहे, तिथे खेळायला ती तयार आहे, आणि आमच्याकडे दुसरी खरीखुरी लेफ्ट-बॅक नाहीच. आहे त्यापेक्षा वेगवान मुलगी तिथे उभी केली तर ती मिडफिल्डमधून (मधल्या फळीतून) काढावी लागेल, आणि मिडफिल्ड गेलं की बॉल विंगरकडे आणखी जास्त वेळा जाईल. हरण्याचा दोष तिच्यावर येऊ नये हे मात्र शंभर टक्के खरं, आणि ते बघणं माझं काम आहे.

म्हणून ठरवलंय की पहिली वीस मिनिटं ती खेळेल, मग दहा मिनिटं विश्रांती, मग पुन्हा आत. तिला काल सांगितलं. तिने एकच विचारलं, ‘ती विंगर उजव्या पायाची आहे ना?’

आता अगदी नेमका प्रश्न: हळू लेफ्ट-बॅकला वेगवान विंगरपासून कसं वाचवायचं?

प्रतिसाद

पहिला प्रतिसाद माझाच होता. ताई, निर्णय आवडला. तिच्या प्रश्नावरून मुलीला खेळ कळतो हे दिसतंय, आणि वेग कमी असलेल्या डिफेंडरला तेच वाचवतं.

तिला सांगा की बॉल घ्यायला झेपावायचं नाही. विंगरपासून दोन-तीन पावलं सोडून, अंग तिरकं करून उभं राहायचं आणि तिला बाहेर, साइडलाइनकडे जाऊ द्यायचं. विंगर उजव्या पायाची आहे, तेव्हा ती तशीही बाहेरून जाऊन क्रॉस (कडेवरून गोलसमोर बॉल) टाकायला बघेल. टाकू दे. क्रॉसवर तुमची सेंटर-बॅक आणि गोलकीपर आहेत. गोलसमोरची आतली वाट बंद, एवढंच तिचं काम. मागे मोकळी जागा दिसली तर शर्यत लावायची नाही, आधीच चार पावलं मागे सुरू करायचं. त्यासाठी अख्खी बॅकलाइन नेहमीपेक्षा थोडी खाली ठेवा आणि गोलकीपरला बॉक्सच्या (गोलसमोरच्या आखलेल्या चौकटीच्या) कडेपर्यंत पुढे येऊन उभं राहायला सांगा, म्हणजे मागे टाकलेला लांब पास ती उचलेल.

लेफ्ट-मिडला (मधल्या फळीत डावीकडे खेळणारीला) स्पष्ट सांगा की बॉल त्या बाजूला गेला की परत यायचं आणि विंगरवर दोघींनी मिळून जायचं. सेंटर-बॅकने सतत बोलायला हवं: ‘थांब’, ‘बाहेर’, ‘मी आहे’. मुली मैदानावर ओरडायला लाजतात. त्यासाठी चार विरुद्ध दोन खेळवा आणि नियम करा की नाव घेतल्याशिवाय पास द्यायचा नाही. पहिल्या दिवशी गोंधळ होईल, तिसऱ्या दिवशी आपोआप आवाज निघतात.

आणि तुमच्या सगळ्यांत वेगवान मुलीला प्रॅक्टिसमध्ये त्या विंगरची जागा द्या. रोज पंधरा मिनिटं दोघींना समोरासमोर. पहिले दोन दिवस तुमची लेफ्ट-बॅक हरेल. समोरची किती वेळा आतून गेली आणि किती वेळा बाहेरून, हे बेंचवरच्या वहीत लिहून ठेवायला सांगा, आणि लेफ्ट-बॅकला फक्त आतले आकडे दाखवा.

धागाकर्ती

हे उद्यापासूनच लावते. आमची गोलकीपर लाइन सोडून पुढे यायला कचरते, तिला आधी मोकळ्या मैदानावर लांब पास उचलायला लावेन. एक शेवटचं: पालकांशी बोलणं मॅचनंतर 24 तासांनीच, हा नियम आमच्याकडे आहे, पण सीनियर नाइटला सगळे मैदानावरच असतील. लेफ्ट-मिडच्या आई-वडिलांना तिच्या बदललेल्या कामाची कल्पना आधी द्यावी का, की ते तिनेच घरी सांगितलेलं बरं?

प्रतिसाद

तिलाच सांगू द्या. पण तिला ते नीट सांगता यावं म्हणून तुम्ही तिच्याशी आधी बसा, बोर्डावर काढून दाखवा, आणि तो बोर्डाचा फोटो तिला घरी नेऊ द्या.