३० हजारांत जुने स्पीकर: डिटन १५ की फोम गेलेली अॅडव्हेंट? मी अॅडव्हेंट म्हणतोय, विरोधात असाल तर बोला

खर्जप्रेमी
बजेट ३० हजार, त्याच्या वर एक रुपया नाही. स्पीकर जुनेच घ्यायचेत हे पक्कं आहे, त्यामुळे नवीन घ्या असं कृपया कोणी सुचवू नका. पुण्यातच दोन जोड्या बघून आलोय. एक सेलेस्टियन डिटन १५, मालकाचे वडील बोटीवर होते त्यांनी इंग्लंडहून आणलेली, चालू, २८ हजार. दुसरी मूळची लार्ज अॅडव्हेंट, अमेरिकेतून परत आलेल्या कुटुंबाची, १६ हजार, पण दोन्ही वूफरचा (खर्जाचा मोठा ड्रायव्हर) फोम सराउंड, म्हणजे कोनाच्या कडेची फोमची पट्टी, झडून गेलाय, हात लावला की काळा भुगा पडतो. अँप जुना जपानी, चॅनलला २५ वॅट. खोली १० बाय १२, शहाबादी फरशी. ऐकणं म्हणजे बहुतेक एचएमव्हीच्या एलपी, भीमसेनजी, किशोरीताई, नाट्यसंगीत.

माझं म्हणणं असं की जुना स्पीकर घेताना आज चालतोय का यापेक्षा उद्या बिघडला तर दुरुस्त होईल का हे आधी बघावं. फोम जाणार हे ठरलेलंच असतं, पॉलियुरेथेन फोम पंधरा-वीस वर्षांत जातोच, दमट हवेत त्याहून लवकर, पण तो बदलता येतो आणि बदलला की पुढची पंधरा वर्षं निश्चिंती. डिटनमधला एचएफ १३०० ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा ड्रायव्हर) मात्र आता बनतच नाही, तो गेला तर काय करायचं ते सांगा.

सदाशिवपेठी_एलपी
अहो पण चालू वस्तू सोडून बंद वस्तू घ्यायची हे काही पटत नाही. एचएफ १३०० म्हणजे काय साधासुधा ट्वीटर नाहीये, स्पेंडॉरच्या बीसी१ या नावाजलेल्या इंग्रजी स्पीकरमध्ये तोच आहे, आणि माणसाच्या गळ्यासाठी त्या काळात इंग्रजांनी जे बनवलं तसं अमेरिकनांना जमलं नाही असं माझं स्पष्ट मत आहे. किशोरीताईंची मींड डिटनवर ऐका, आवाजातला कणसुद्धा कळतो. वर फार लांबपर्यंत जात नाही हे खरं, पण तुमच्या एलपींमध्ये तिथे सुरसुरीशिवाय काय आहे? पन्नास वर्षं टिकलाय तो ट्वीटर, उद्याच का जाईल?

सोल्डरगन
मी दुरुस्तीच्या बाजूने बोलतो. खर्जप्रेमी, तुमचं तत्त्व बरोबर आहे पण अॅडव्हेंटला एक मेख आहे. जुन्या लार्ज अॅडव्हेंटच्या वूफरला पुढून मेसोनाइटची (दाबून केलेल्या लाकडी भुशाच्या पुठ्ठ्याची) रिंग असते आणि फोम त्या रिंगवर बसतो, त्यामुळे बाजारात १० इंची म्हणून मिळणारा कुठलाही फोम चालत नाही, त्याच मॉडेलचा किट मागवावा लागतो. इथल्या कारागिराला हे माहीत नसेल तर तो आहे तो फोम कापून चिकटवणार आणि कोन वाकडा बसणार. व्हॉइस कॉइल (कोन हलवणारी तारेची गुंडाळी) मध्यावर आणण्यासाठी डस्ट कॅप (कोनाच्या मधली टोपी) उघडून शिम (पातळ पट्ट्या) घालणारा माणूस शोधा, किंवा कमी फ्रिक्वेन्सीचा टोन सोडून कानाने घासणं तपासत चिकटवणारा. असा कोणी मिळाला तरच पैसे द्या. आणि आता घासाघीस करा, फोम गेलेल्या जोडीचे १६ मला जास्त वाटतात.

खोलीआधी
तुम्ही सगळे ट्वीटर-फोमवर भांडताय आणि खोलीबद्दल कोणीच बोलत नाही. १२ फुटी लांबीला पहिला रेझोनन्स (खोली स्वतः घुमते तो सूर) साधारण ४७ हर्ट्झला येतो, १० फुटी रुंदीला ५६ ला. अॅडव्हेंट चाळिशीपर्यंत खाली जातो म्हणजे बरोब्बर तिथेच खोली घुमणार, वर शहाबादी आणि उघड्या भिंती. डग्ग्याचा घुमारा हवा म्हणून घ्याल आणि मिळेल नुसती भिंतींची गुंजन. शिवाय लहान खोका, खोल बास आणि जास्त आवाज हे तिन्ही एकदम मिळत नाही, हॉफमनचा नियमच आहे तो. अॅडव्हेंटने पहिली दोन घेतली आणि तिसरं सोडलं. जो स्पीकर ३ डीबीने (डेसिबल, आवाजाचं माप) कमी संवेदनशील त्याला त्याच आवाजासाठी दुप्पट वॅट लागतात, तुमच्याकडे २५ आहेत.

खर्जप्रेमी
@खोलीआधी खोलीचं मान्य, पण त्याचा निष्कर्ष तुम्ही उलटा काढताय असं मला वाटतं. अॅडव्हेंट सीलबंद खोका आहे, खाली १२ डीबी प्रति ऑक्टेव्ह (म्हणजे फ्रिक्वेन्सी निम्मी झाली की १२ डीबी) असा हळूहळू उतरतो. डिटनमध्ये खाली तो एबीआर आहे, म्हणजे नुसता पडदा, मागे चुंबक नाही, कॉइल नाही, पोर्टसारखंच (खोक्याला ठेवलेल्या भोकासारखंच) काम करतो आणि ट्यूनिंगच्या, म्हणजे तो ज्या सुराला जुळवलाय त्याच्या, खाली गेल्यावर २४ डीबीने कोसळतो. आता यात एलपी आणा. थोडी वाकडी रेकॉर्ड असली की १० हर्ट्झच्या खालची हालचाल अँपमध्ये शिरते, ट्यूनिंगच्या खाली डिटनच्या वूफरला धरून ठेवायला काही राहत नाही, तो नुसता आतबाहेर झुलतो. त्या झुलण्यावर भीमसेनजींची तान बसलेली असते, ती गढूळ होते. सीलबंद खोक्यात आतली हवाच स्प्रिंग असते, ती कोनाला आवरते. १९५४ मध्ये व्हिलचर आणि क्लॉस यांनी एआर (अकूस्टिक रिसर्च) ही स्पीकर कंपनी काढली ती याच कल्पनेवर, आणि त्याच क्लॉसने १९६९ मध्ये हा अॅडव्हेंट आणला, महागड्या स्पीकरचा बास निम्म्या पैशात द्यायचा म्हणून. माझ्यासारख्या बजेटवाल्यासाठीच बनलेला आहे हो तो. आणि २५ वॅटवर मला लग्नाचा मांडव गाजवायचा नाहीये, रात्री दहाला एक ख्याल ऐकायचाय.

सदाशिवपेठी_एलपी
रंबल फिल्टर (अगदी खालची घरघर कापणारं) नावाचं बटण बऱ्याच जुन्या जपानी अँपवर असतं, ते दाबा, झुलणं कमी होतं. एका बटणासाठी २८ हजारांची चालू जोडी सोडू नका. अॅडव्हेंटमध्ये हजार हर्ट्झपर्यंतचं सगळं गाणं १० इंची कागदी कोनातून येतं, त्याला गळ्याचा नाजूकपणा कसा जमणार? मी दोन्ही ऐकलेत. तंबोऱ्याची जवारी डिटनवर सुटी सुटी ऐकू येते, अॅडव्हेंटवर गोळा होते. बास हवा असणाऱ्यांनी अॅडव्हेंट घ्यावी, गाणं हवं असणाऱ्यांनी डिटन, मी यावर ठाम आहे.

ठाणेकर_टेप
जवारी गोळा होते याचं कारण बऱ्याचदा कोन नसतो, क्रॉसओव्हरमधले (आवाज वूफर-ट्वीटरमध्ये वाटणाऱ्या सर्किटमधले) म्हातारे इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर असतात, ट्वीटरपर्यंत सिग्नलच नीट जात नाही. अॅडव्हेंटच्या पाठीमागे तीन पायऱ्यांचा स्विच असतो, तोही गंजलेला असतो, चारदा फिरवला की ट्वीटर अचानक जिवंत होतो. तुम्ही ऐकलेल्या जोडीचे कपॅसिटर बदललेले होते का हे सांगा, नाहीतर ती तुलना धरता येणार नाही. डिटनलाही हेच लागू.

सदाशिवपेठी_एलपी
बदललेले नव्हते. पण डिटनचेही नव्हते, म्हणजे दोघी सारख्याच म्हाताऱ्या होत्या, तरी गाणं डिटनवरच उलगडलं. माझं मत तेच.

सोल्डरगन
खर्जप्रेमी, दोन्हीकडे परत जा आणि मल्टिमीटर न्या, तापकीर गल्लीत स्वस्तातला मिळेल. अँप काढून प्रत्येक ड्रायव्हर सुटा मोजा, ८ ओमचा ड्रायव्हर सहा-सात ओम दाखवतो, आणि डाव्या-उजव्याचे आकडे जवळपास सारखे हवेत. डिटनचा एक जरी एचएफ १३०० उघडा (म्हणजे आतली तार तुटलेली) दाखवत असेल तर ती जोडी विसरा. अॅडव्हेंटचा वूफर दोन्ही हातांनी समान दाबून हळू आत ढकला, खरखर लागली तर कॉइल खराब आहे, मग नुसता फोम बदलून उपयोग नाही आणि तुमचा सगळा हिशोब तिथेच बदलतो. फोम गेलेल्या अवस्थेत कोणी जोरात वाजवून पाहिले असतील तर हे होतं, मालकाला विचारा शेवटचे कधी लावले होते.

खर्जप्रेमी
रविवारी जातो दोन्हीकडे. कॉइल घासत नसेल तर १२ हजारांना मागणार, उरलेल्यात किट आणि कपॅसिटर. घासत असेल तर मात्र डिटन, आणि मग सदाशिवपेठीकर तुम्ही म्हणताय तो रंबल फिल्टर आधी माझ्या अँपवर आहे का ते बघावं लागेल, कारण फिल्टर नसलेल्या अँपवर एबीआरवाला स्पीकर मी एलपीसाठी घेणार नाही, यावर माझं मत अजून तेच आहे.